जुन्या ऑस्ट्रेलियन बालकथा मुलांबरोबर कशा वाचाव्यात

साताऱ्यात दर शनिवारी दुपारी माझ्या घरी अकरा ते चौदा वर्षांची आठ-नऊ मुले वाचायला येतात. आमच्याकडची बरीच पुस्तके ऑस्ट्रेलियातून आलेली आहेत, कारण शेजारपाजारच्या घरांतील कोणाची लेक मेलबर्नला आहे तर कोणाचा मुलगा पर्थला, आणि सुट्टीत नातवंडांसाठी आणलेली जुनी पुस्तके परत जाताना आमच्या कपाटात राहतात. त्यांतली काही शंभर वर्षांहून जुनी आहेत, अतिशय सुंदर लिहिलेली आहेत, आणि त्यांत काळ्या माणसांविषयी, चिनी माणसांविषयी, मुलींविषयी अशी काही वाक्ये आहेत की मोठ्याने वाचताना आवाज अडखळतो. अशी पुस्तके मुलांना द्यावीत का, असे पालक मला विचारतात. द्यावीत, असेच माझे मत आहे; परंतु ती कशी द्यावीत हे मला बऱ्याच चुका केल्यानंतर समजले, आणि तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक वगळण्याची होती. मेरी ग्रँट ब्रूस यांचे १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘अ लिटल बुश मेड’ हे पुस्तक मी मुलांना इंग्रजीत वाचून दाखवत होते आणि मधूनमधून मराठीत सांगत होते. व्हिक्टोरिया प्रांतातील बिलाबाँग नावाच्या मोठ्या गुरांच्या मळ्यावर वाढणारी नोरा ही त्याची नायिका आहे. तेथे बिली नावाचा मूळनिवासी मुलगा घोड्यांची कामे करतो, आणि त्याच्या कातडीच्या रंगावरून काढलेले अपमानकारक शब्द मजकुरात सहज येऊन जातात. असा शब्द आला की मी ती ओळ गाळून पुढे जात असे. माझ्या शेजारी बसलेली सातवीतली मुलगी पानावर बोट ठेवून माझ्याबरोबर वाचत होती. ती म्हणाली, “काकू, तुम्ही दोन ओळी सोडल्या.” सगळ्यांनी माना पुढे काढल्या आणि त्या दोन ओळी वाचल्या, आणि त्यानंतर त्या ओळींखेरीज कोणालाच काही आठवेना. लपवलेली गोष्ट मुलांच्या हाती लागते तेव्हा ती शोधल्याचा आनंद तिच्यातील विखारापेक्षा मोठा होतो. तेव्हापासून मी काहीही वगळत नाही. त्या जागी थांबते.

थांबण्यासाठी तयारी लागते, आणि तयारीची सुरुवात आवृत्ती पाहण्यापासून करावी. पुस्तक प्रथम कोणत्या साली निघाले आणि हातातील प्रत कोणत्या सालची आहे, ही दोन्ही साले मुलांच्या देखत फळ्यावर लिहावीत. या दोन सालांच्या मध्ये पुष्कळ काही घडलेले असते. बिलाबाँग मालिकेची पुस्तके १९९०च्या दशकात पुन्हा छापताना त्यांतील वंशविषयक मजकुरावर कात्री चालवण्यात आली, त्यामुळे एकाच घरातील दोन प्रतींमध्ये एकच प्रकरण वेगळे असू शकते. मूळ इंग्रजी मजकूर प्रकल्प गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो; एखादे प्रकरण दोन्हीकडून शेजारी ठेवून काय गेले आणि काय राहिले ते मुलांना शोधायला सांगावे. क्वीन्सलंडमधील मेरीबरो येथे जन्मलेल्या पी. एल. ट्रॅव्हर्स यांनी आपल्या ‘मेरी पॉपिन्स’ या १९३४ सालच्या पुस्तकातील जगभ्रमणाचे एक प्रकरण स्वतःच दोनदा बदलले: १९६७ साली त्यातील माणसांची भाषा सुधारली आणि १९८१ साली ती माणसेच काढून त्यांच्या जागी प्राणी घातले. हे मुलांना सांगितल्यावर, पुस्तक म्हणजे दगडावर कोरलेली अक्षरे हा समज आपोआप ढिला होतो.

मात्र कात्री नेहमी वाईट मजकुरालाच लागते असे नाही, आणि हे मुलांना कळणे मला फार महत्त्वाचे वाटते. एथेल टर्नर यांचे ‘सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. कॅप्टन वूलकॉट या कडक बापाची सात मुले आणि त्यांतील सहा जणांची जेमतेम विशीतली सावत्र आई यांची ही गोष्ट आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात ही मुले याराहापिनी नावाच्या मळ्यावर जातात. तेथे टेटावाँगा नावाचा वृद्ध मूळनिवासी कामगार आहे, आणि त्याच्याकडून ऐकलेली, कूकाबरा पक्षी हसायला कसा लागला याची एक गोष्ट मळ्यावरील एक गोरा माणूस मुलांना सांगतो. गोष्ट सुरू करताना तो म्हणतो की टेटावाँगाचे पूर्वज तेव्हा शूर आणि सुखी होते आणि गोरा माणूस आपल्यावर कोणती वेळ आणणार आहे हे त्यांच्या दुःस्वप्नातही आले नव्हते. पहिल्या आवृत्तीनंतर हा सगळा भाग गाळला गेला आणि १९९४ सालच्या शताब्दी आवृत्तीत तो परत आला. म्हणजे शंभर वर्षे मुलांनी टेटावाँगा वाचला, परंतु त्याची गोष्ट वाचली नाही. तुमच्या प्रतीत ती आहे का, हे आधी पाहावे. आणि असली, तर त्याच ओळीत ते पूर्वज ‘निश्चिंत मुलांसारखे’ सुखी होते असेही म्हटले आहे, याकडे लक्ष वेधावे. सहानुभूतीने लिहिणाऱ्या तरुण लेखिकेलासुद्धा एका संपूर्ण समाजातील मोठी माणसे लहान मुलांसारखी वाटत होती. द्वेष ओळखायला मुले लवकर शिकतात. ही दुसरी गोष्ट ओळखायला वेळ लागतो, म्हणून तिच्यावर अधिक वेळ खर्च करावा.

वाचनाच्या आधी मोठ्या माणसाने पुस्तक एकदा पेन्सिल घेऊन संपूर्ण वाचून काढावे. मी चार गोष्टींच्या खुणा करते: कोणाला कोणत्या नावाने हाक मारली आहे, कोण कसे बोलते, कोण कोणते काम करते, आणि कोणाच्या घरच्यांविषयी एक अक्षरही येत नाही. नावांची खूण सर्वांत सोपी आहे. बिलाबाँग मळ्याचे मालक, म्हणजे नोराचे वडील, ‘मिस्टर लिंटन’ आहेत, स्कॉटिश माळी ‘हॉग’ आहे, म्हणजे त्याला निदान आडनाव तरी आहे, आणि बिली मात्र ‘काळा बिली’ आहे. घरच्यांची खूण मुलांकडूनच करून घ्यावी. नोराच्या वडिलांविषयी किती वाक्ये आली आणि बिलीच्या आईवडिलांविषयी किती, असे मोजायला सांगितले की मुले पाने उलटतात, आणि उत्तर त्यांचे त्यांनाच मिळते.

बोलण्याच्या खुणेपाशी मात्र मराठी वाचकाने फार जपून पाऊल टाकावे लागते, कारण येथे चूक लेखिकेची राहत नाही, ती आपली होते. बिलीच्या तोंडी ‘प्लेंटी’ हा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याचे हसू यावे अशीच ती योजना आहे. मराठीत सांगताना मला सहज सुचले आणि मी बिलीला ‘लई’ म्हणायला लावले. त्यापाठोपाठ ‘म्या’ आले, ‘न्हाई’ आले. मुले खदखदून हसली आणि मला वाटले की भाषांतर जमले. माण तालुक्यातील गावाकडून शिकण्यासाठी मामाकडे राहायला आलेला एक मुलगा मात्र हसला नाही. वाचन संपल्यावर चप्पल घालता घालता तो म्हणाला, “आमच्या घरी सगळेच लई म्हणतात. त्यात हसण्यासारखं काय आहे?”

मी त्या रात्री ते प्रकरण पुन्हा काढून बसले. इंग्रजी लेखिकेने बिलीला जेथे उभे केले होते, तेथे मी माणदेशाला उभे केले होते. मळ्यावरचे शहाणे बोलणे मी पुण्याच्या छापील मराठीत सांगितले आणि हास्यास्पद बोलणे आमच्याच जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्याला दिले, आणि हे करताना मला क्षणभरही थांबावेसे वाटले नाही. जुन्या मराठी भाषांतरांत आणि नाटकांत नोकर, गुराखी, चोर यांना गावाकडची बोली देण्याची रीत आहे. ती माझ्या कानात इतकी मुरलेली होती.

आता मी असे करते. मूळ ओळ एकदा इंग्रजीत जशी आहे तशी वाचते. मग तिचा अर्थ साध्या, शुद्ध मराठीत सांगते. आणि मग विचारते की बिलीला इंग्रजी मोडकेतोडके येते, पण मळ्यावरील किती गोऱ्या माणसांना बिलीची भाषा मोडकीतोडकी तरी येत होती? गोरे लोक तेथे आले तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. इंग्रजी ही बिलीसारख्या मुलाची पहिली भाषा नसणार, कदाचित दुसरीही नसेल. दोन-तीन भाषांत वावरणारा मुलगा अडाणी ठरतो आणि एकच भाषा येणारे सुशिक्षित ठरतात, हा उलटा हिशेब मुलांच्या लगेच ध्यानात येतो, कारण घरी एक, शाळेत दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा हा त्यांचा रोजचा अनुभव आहे. मळ्यावर भाजी पिकवणाऱ्या ली विंग या चिनी माळ्याच्या बोबड्या इंग्रजीलाही हेच लागू आहे.

अपमानकारक शब्द आला तर तो कोणत्याही मुलाला मोठ्याने वाचायला लावू नये. तो मोठ्यांनी एकदा वाचावा, ही शिवी होती आणि आहे असे सरळ सांगावे, आणि पुढे बोलताना त्या माणसाचे नावच वापरावे. नाट्यवाचन करायचे असेल तर रंगरूप पाहून भूमिका वाटू नयेत. आपल्याकडे सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारापर्यंत काय काय ऐकावे लागते हे सर्वांना ठाऊक आहे. वाचनाच्या खोलीत त्यात भर पडू नये.

यानंतर इतिहास सांगावा, पण थोडा आणि नेमका. बिलाबाँगचे पहिले पुस्तक निघाले त्याच्या नऊ वर्षे आधी, १९०१ साली, ऑस्ट्रेलियाने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. नको असलेल्या माणसाला बंदरावर अडवण्यासाठी अधिकारी त्याला पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालत, आणि ते कोणत्या युरोपीय भाषेत घालायचे हे अधिकाऱ्यानेच ठरवायचे असे. अनेक भाषा जाणणाऱ्या एगॉन एर्विन किश या लेखकाला १९३४ साली स्कॉटिश गेलिक भाषेत श्रुतलेखन घालण्यात आले. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती. आमच्या शेजारच्या काकूंचे माहेर जतच्या पलीकडचे आहे. त्यांना बोलावून मी मुलांना कानडीत श्रुतलेखन घालायला लावले. दोन मिनिटे मुले हसत होती, नंतर कोरी वही पाहून गप्प झाली. एकाने विचारले, “काकू, नापास झालं तर बोटीवरून घरी पाठवायचे?” होय, तसेच पाठवत असत. दहा वाक्यांच्या व्याख्यानापेक्षा ही कोरी वही अधिक शिकवते.

दुसरा कायदा १९०२ सालचा. त्याने ऑस्ट्रेलियातील स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उमेदवारीचा हक्क दिला. जगात फारच थोड्या देशांत तेव्हा तो होता. त्याच कायद्याने ऑस्ट्रेलियाचे मूळनिवासी आणि आशिया, आफ्रिका व न्यूझीलंड वगळता पॅसिफिक बेटांचे मूळ रहिवासी यांना मतदारयादीबाहेर ठेवले. आशिया हा शब्द आला की मी थांबते. या पुस्तकांतील स्वातंत्र्य कोणत्या मुलीसाठी होते आणि आपल्यापैकी कोणी तेथे असती तर ती नोराच्या शेजारी घोड्यावर बसली असती की स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी राहिली असती, हा प्रश्न मग मुली स्वतःच विचारतात. मूळनिवासींना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळायला १९६२ साल उजाडावे लागले.

मुलींचा विषय निघाला की या पुस्तकांना केवळ दोष देऊन चालत नाही, कारण त्यांच्या काळाच्या मानाने ती धीट होती. नोरा घोडदौड करते, मासे पकडते, भावाच्या मित्रांबरोबर रानात हिंडते. ‘सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स’मधील जुडी तर सातही भावंडांत सर्वांत तल्लख आणि निर्भय आहे. तिचा बाप तिला वठणीवर आणण्यासाठी वसतिशाळेत धाडतो, ती तेथून पळून कित्येक मैल चालत घरी येते, आजारी पडते, आणि शेवटी धाकट्या भावाला वाचवताना तिच्यावर झाड कोसळून तिचा मृत्यू होतो. आमच्या वर्गात ते पान वाचताना दोन मुली रडल्या. रडणे ओसरल्यावर त्यांतल्या एकीने विचारले, “सात जणांतली जुडीच का?” या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. मी मुलांना याद्या करायला सांगितल्या: शांत, सुस्वभावी मुलीचे पुस्तकात काय होते, खोडकर मुलाचे काय होते, आणि खोडकर मुलीचे काय होते. तिसऱ्या यादीत जुडी एकटीच होती.

त्या झाडाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जंगल मोडून कुरण करायचे तेव्हा वसाहतवाले झाडाच्या खोडाची साल गोलाकार सोलून काढत आणि झाड उभ्या उभ्या वाळवत. जुडीवर कोसळले ते असे साल काढलेले झाड होते. आमच्याकडच्या मुलांना झाडाची साल काढली की काय होते हे सांगावे लागत नाही. ते कुरण आधी कोणाचे रान होते, असे एका मुलाने विचारले, आणि टेटावाँगाच्या गोष्टीचे पान आम्ही पुन्हा उघडले.

सर्वांत अवघड पुस्तक ते असते ज्यात कोणी कोणाला शिवी देत नाही. जीनी गन यांचे ‘द लिटल ब्लॅक प्रिन्सेस’ हे १९०५ सालचे पुस्तक तसे आहे. नॉर्दर्न टेरिटरीतील एल्सी मळ्यावर राहायला गेलेली गोरी बाई आणि तिच्याकडे आलेली बेट-बेट ही मूळनिवासी मुलगी यांच्याविषयीचे हे लेखन मायेने भरलेले आहे, आणि ती माया खोटी नाही. तरीही बाईसाहेब पाहणाऱ्या आहेत आणि बेट-बेट पाहिली जाणारी आहे. गंमत नेहमी तिच्या समजुतींची होते. हे समजावण्यासाठी मी ऑस्ट्रेलियातील उदाहरण घेत नाही. ‘आमच्या कामवाल्या मावशी घरातल्याच आहेत’ असे आपण म्हणतो, आणि त्यांचा चहाचा कप मोरीवरच्या फळीवर वेगळा ठेवलेला असतो. त्या कपाविषयी बोलणे झाले की बेट-बेटचे पुस्तक मुलांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

एक जुने पुस्तक वाचले की त्याच्या जोडीला ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांचे पुस्तक वाचावे. लहान मुलांसाठी डिक रफ्सी यांचे ‘द रेनबो सर्पंट’ हे १९७५ सालचे चित्रपुस्तक आहे. ऊजरू नूनुकल यांच्या बालपणीच्या आठवणी आणि लोककथा ‘स्ट्रॅडब्रोक ड्रीमटाइम’ या १९७२ सालच्या पुस्तकात आहेत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबरोबर डॉरिस पिल्किंग्टन गरिमारा यांचे ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ वाचावे. सरकारी धोरणानुसार आईपासून तोडून वसाहतीत नेऊन ठेवलेल्या तीन मुली १९३१ साली तेथून पळाल्या आणि सशांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या आधाराने सुमारे १,६०० किलोमीटरची घरची वाट चालू लागल्या. त्यांतल्या थोरल्या मुलीची लेक ही या पुस्तकाची लेखिका आहे. अशा रीतीने मुले हिरावून घेतल्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. जुडीची पायपीट वाचल्यानंतर या तिघींची पायपीट वाचावी, असा क्रम मी मुद्दाम ठेवते.

आणि डेव्हिड युनायपन यांची हकिगत जरूर सांगावी. या मूळनिवासी लेखकाने जमवून लिहिलेल्या कथा १९३० साली विल्यम रॅम्से स्मिथ या गोऱ्या माणसाच्या नावाने छापल्या गेल्या, आणि त्या त्यांच्या स्वतःच्या नावाने यायला २००१ साल उजाडले. टेटावाँगाची गोष्ट गाळली गेली आणि युनायपन यांच्या गोष्टींवरचे नाव गाळले गेले. दोन्ही एकाच आठवड्यात वाचल्या की मुलांना हा संबंध सांगावा लागत नाही.

परदेशाचे दोष मोजून मन हलके करण्याचा धोका यात आहे आणि तो मी स्वतः पाहिला आहे. दोन-तीन शनिवारांनंतर मुले ‘ते गोरे किती वाईट होते’ असे सुखाने म्हणू लागली. तेव्हा मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मसूरची आठवण वाचली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, ते बाबासाहेब पुढच्याच वर्षी भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला, दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसायला तयार झाला नाही, मुलांनीच गाडी हाकली, आणि जवळ जेवण असून पाण्यावाचून रात्र काढावी लागली. ऑस्ट्रेलियातील श्रुतलेखनाचा कायदा आणि मसूरचा तो प्रवास एकाच सालातले आहेत. मसूर आमच्या मुलांना ठाऊक आहे. एकाची आत्या तेथे राहते. त्या दिवशी कोणी ‘ते गोरे’ असे म्हटले नाही.

आपल्या घरच्या कपाटालाही याच पेन्सिलीने खुणा कराव्यात. आई स्वयंपाक करते आणि बाबा वर्तमानपत्र वाचतात अशी चित्रे जुन्या मराठी गोष्टींत ढिगाने सापडतील. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघेही घरकाम करताना दाखवले तेव्हा त्याची बातमी झाली, यावरूनच ते किती नवे होते हे कळते.

शेवटचे काम कागदाचे आहे. पुस्तक वाचून झाले की मागच्या पानाला आम्ही एक पाकीट चिकटवतो आणि त्यात मुलांच्या चिठ्ठ्या ठेवतो: पहिल्या आवृत्तीचे साल, कोणत्या पानांवर थांबलो, काय विचारले. पुढच्या वाचकाने आधी गोष्ट वाचावी आणि मग पाकीट उघडावे, असा नियम आहे, म्हणजे कोणाचे मत तयार मिळत नाही. ‘अ लिटल बुश मेड’च्या पाकिटात माणदेशातल्या त्या मुलाची चिठ्ठी आहे. त्याने लिहिले आहे, “बिली घरी कोणती भाषा बोलत असेल? त्या भाषेत लईला काय म्हणतात?” खाली त्याने उत्तरासाठी दोन ओळी आखून ठेवल्या आहेत.